शिमटीला हळदीचं लेणं

आसावरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या श्यामला अक्कांचा आवाज आला.

"शाल्मले, अबोलीची कळी तोडलीस तर बघ की. शिमटी काढीन हं."

ओला टॉवेल तिच्या हातातच राहिला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी तिला कळलं नाही. मग ती भराभर जिना उतरली, अंगणात, वाळक्या काड्या खोचलेल्या अबोलीच्या वाफ्यापाशी उकिडव्या बसलेल्या शाल्मलीला उचललं आणि वर घेऊन आली. अक्का शिवणाच्या मशिनीवरून मान वर करून बघत राहिल्या. त्यांच्या तोंडात सुई धरलेली होती, त्यामुळे त्यांना काही विचारता आलं नाही.

"आई, मी तोडली नाही," शाल्मली म्हणाली. "मी फक्त कळीला हलो म्हटलं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

आसावरीनं तिच्या हातांची माती झटकली. साडेचार वर्षांच्या पोरीला काय सांगणार.

शिमटी. हा शब्द कुणी सहज बोलताना तिनं आईनंतर आज ऐकला. मधली सगळी वर्षं तो तिच्या आत होता, जसा एखाद्या जुन्या पेटीत कापूर असतो. दिसत नाही, पण झाकण उघडलं की आधी तोच येतो.

आई गेली तेव्हा आसावरी पाच वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटपलं. पुढे पुण्यात आत्यानं वाढवलं, चांगलं वाढवलं. आईचा एक फोटो होता, लग्नातला. मुंडावळ्यांच्या आड भेदरलेली, अनोळखी मुलगी. तो चेहरा आसावरीच्या मनात कधी हलला नाही, हसला नाही. आईचं म्हणून तिच्यापाशी खरं उरलं होतं ते एवढंच: एक पाठ. हिरव्या पोलक्यातली, जरा वाकलेली. केस पुढे घेतलेले, मानेवर एक ओली बट चिकटलेली. शेवंतीचा उग्र वास. एक बारीक काठी, तिच्यावर लाल ठिपके. आणि आवाज, गाण्यासारखा पण गाणं नव्हे असा:

शिमटी माझे बाई… वर्साचं मारणं…

पुढचं पुसून गेलेलं. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर एखादं अक्षर अर्धं राहतं, तसं.

एकदा, दहा-अकरा वर्षांची असताना, तिनं आत्याला विचारलं होतं. आत्या गव्हाचे खडे काढत होती. ताटावरचा हात न थांबवता म्हणाली, "शिमटी म्हणजे मारायचा फोक. तुझ्या आईकडचा शब्द, तिकडचा बंगळूरचा. वहिनी जरा तापट होती, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण शिमटी मी या डोळ्यांनी पाहिलीय. देवापुढे ठेवायची गं. लेकराला मारायची काठी कुणी देव्हाऱ्यात ठेवतं का?"

शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारलं तर त्यांनीही तोच अर्थ सांगितला. बारीक, लवचीक काडी, पोरांना मारायची. जुना शब्द, आता कुणी वापरत नाही.

म्हणजे आईची एकच आठवण, आणि ती माराची. वर्साचं मारणं. वर्षभराचा मार. आसावरीनं ते मान्य केलं होतं, जसं माणूस आपली उंची मान्य करतं. फक्त शाल्मली झाली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, हिच्या अंगाला बोट लावायचं नाही. आणि लावलंही नाही. तिचा नवरा सुहास कधी वैतागून "अगं, एक धपाटा दे" म्हणाला, तर ती त्याच्याकडे असं बघायची की तोच खोलीबाहेर जायचा.

आणि तरीही तिला आई हवी होती. मारकुटी तर मारकुटी. सत्त्याण्णव साली सुहासला बंगळूरची नोकरी लागली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तिकडे कशाला, भाषा नाही, माणसं नाहीत. आसावरी मात्र आधी तयार झाली. सुहास रोज सकाळी कंपनीच्या बसनं व्हाइटफील्डला जायचा, तो थेट दिवेलागणीनंतर यायचा. पहिले काही महिने आसावरी शाल्मलीला कडेवर घेऊन चिक्कपेटेच्या गल्ल्यांतून फिरली. आईचं माहेर तिथंच कुठंतरी होतं, एवढंच तिला ठाऊक. मामा होता, तो गाव सोडून गेला. कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. रेशमाच्या दुकानांतून, पितळेच्या भांड्यांच्या ढिगांमधून ती विचारत जायची, आणि लोक भले होते, बसायला स्टूल द्यायचे, कॉफी मागवायचे. पण प्रतिमा नावाच्या, पुण्याला दिलेल्या मुलीला ओळखणारं कुणी भेटलं नाही. मग तिनं जाणं सोडलं. राजाजीनगरच्या या घरात वरच्या मजल्यावर बसून ती खालच्या अक्कांचं मराठी ऐकायची. त्या मराठीत 'थोडं'ऐवजी कानडी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असायचं, आणि मधेच एखादा इतका जुना शब्द यायचा की जिन्यातच थांबावंसं वाटे. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

आणि आता त्या आवाजातून नेमका तोच शब्द यावा.

शाल्मलीचं खाली जाणं बंद झालं. आधी ती दाराशी उभी राहून रडली, मग खिडकीच्या गजांतून "अज्जी, मी वर आहे" असं ओरडून सांगू लागली. खालून उत्तर यायचं, "सरी ग राणी, वरच ऱ्हा." त्या आवाजात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. गणपतीच्या आदल्या दिवशी अक्कांनी मोदकांसारखे कडुबू पाठवले. आसावरीनं डबा रिकामा नको म्हणून साखर घालून परत केला, पण स्वतः गेली नाही, कामवालीच्या हाती दिला. अक्कांना ते कळलंच.

चार-आठ दिवसांनी अक्का स्वतःच जिना चढून वर आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, दर पायरीला कठड्याला धरून. दारातच बसल्या, उंबऱ्यावर.

"आत या ना, अक्का."

"इथं बरं आहे. एक विचारू? लेकरू खाली का पाठवत नाहीस?"

आसावरीनं शाल्मलीला आतल्या खोलीत धाडलं.

"तिच्याशी मारायची भाषा केलेली मला चालत नाही."

"मारलं कुणी?"

"शिमटी काढीन म्हणालात."

अक्का गुडघा चोळायच्या थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच कुतूहल आलं.

"पुण्याची माणसं छडी म्हणतात. तुला कुठनं आला हा शब्द?"

"माझी आई म्हणायची. ती इथलीच होती. चिक्कपेटेकडची."

"अय्यो. कुणाची?"

आसावरीनं आजोबांचं नाव सांगितलं. अक्कांनी डोळे मिटून आठवून पाहिलं आणि मान हलवली. "नाही गं. मीही तिथलीच, पण आमची घरं तिथं ढीगभर. लग्न होऊन मी गल्लीबाहेर पडले, पुढचं कुणाचं कुणाला काय ठाऊक. आई आहे?"

"मी लहान असतानाच गेली."

"मारायची तुला?"

हा प्रश्न इतका सरळ तिला कुणी विचारला नव्हता. "मारत असावी," ती म्हणाली. "मला तेवढंच आठवतं."

अक्का उठल्या. उठताना त्यांनी आसावरीचा हात धरला, आधारासाठी, आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. "सरी. तुझं लेकरू, तुझा कायदा. मी नाही बोलणार." दोन पायऱ्या उतरून परत वळल्या. "पण आयुधपूजेला तरी खाली आण तिला. सणाला घरात पोर नसलं की घर पडवीसारखं लागतं. आमचा रत्नाकर येलहंक्याहून आताशा येत नाही. सुनेला ती पूजा आवडत नाही."

कुठली पूजा, हे आसावरीनं विचारलं नाही.

खंडेनवमीला सगळी गल्ली सकाळपासून पिवळी झाली होती. समोरच्या बसवंतनं आपली रिक्षा धुऊन लखलखीत केली होती, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते, आणि पुढच्या काचेवर शेवंतीच्या इतक्या माळा सोडल्या होत्या की आत बसलेल्याला रस्ता दिसला नसता. कुंकू भरलेला कोहळा त्यानं चाकापुढे आपटला, लाल चिखल उडाला, आणि शाल्मली आनंदानं किंचाळून आईच्या पायांमागे लपली. चुरमुरे-फुटाण्यांचे पुडे हातोहात फिरत होते.

सणाला बोलावलेलं नाकारू नये, एवढ्या एका विचारानं आसावरी खाली आली होती. अक्कांच्या दारात पाऊल टाकताच तो वास आला. पुण्याला दसऱ्याला झेंडू असतो. आत्याच्या घरी त्या दिवशी शेवंती कधी नसायची, तरी तो वास तिच्या ओळखीचा होता.

आत देव्हाऱ्यासमोर पाट मांडला होता. शिवणाच्या मशिनीला हार, कात्रीला हार, विळीला, खलबत्त्याला, अक्कांच्या गेलेल्या मालकांच्या कापड मोजायच्या गजपट्टीलाही. आणि सगळ्यांच्या पुढे, एका तांब्याच्या ताम्हनात, आडवी ठेवलेली बारीक काडी. चिंचेची, हिरवट, बोटाहून बारीक. तिला ओल्या हळदीत भिजवलेला दोरा गुंडाळला होता, आणि दोऱ्यावर कुंकवाची बोटं उमटली होती. लाल ठिपके.

आसावरी दाराच्या चौकटीला टेकली.

"घाबरू नको," अक्का म्हणाल्या. "कुणाला मारायला नाही ती."

"देवापुढे का ठेवलीय?"

"आज आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. बसवंताची रिक्षा. माझं मशीन. आणि आईचं हत्यार कुठलं?" त्या पाटाशी बसल्या, पदर खोचला. "काठी बाप्याच्या हातची. छडी मास्तराची, लाठी पोलिसाची. शिमटी मात्र घरातली गं, आईच्याच हातची. आमच्यात 'शिमटी मारीन' कुणी म्हणत नाही. काढीन, म्हणायचं. दाराच्या मागे खोचलेली असायची, आणि तिचा धाक असायचा."

"म्हणजे मारायचं नाही?"

अक्का हसल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. "मारायचो की. अंगणभर पोरं, चूल ओली, सासू करवादलेली. लागायचा हात. रत्नाकराच्या पोटऱ्यांवर वळ उठलेले मी बघितलेत, माझेच. रात्री तेल लावत बसायची आणि रडायची. म्हणून तर हा दिवस. वर्षाचं एकदा शिमटीला हळद लावायची, कुंकू लावायचं, आणि ती लेकराच्या हातात द्यायची."

"लेकराच्या?"

"आणि आपण पाठ करून बसायचं. आमच्या गल्लीत घरोघरी होतं हे. पोरं आदल्या रात्री झोपायची नाहीत आनंदानं." त्यांनी ताम्हनाकडे पाहिलं. "नातवंडं येईनाशी झाली तसं ही नुसतीच असते. पूजा होते, पण हात लागत नाही कुणाचा. संध्याकाळी अबोलीच्या मुळाशी खोचून टाकते."

म्हणजे वाफ्यातल्या त्या काड्या. झाडांना आधार म्हणून असतील, असं आसावरीला वाटलं होतं.

अक्का पाटावर वळल्या. देवाकडे तोंड, दाराकडे पाठ. अंबाड्याची गाठ सोडली, पांढरे केस गोळा करून खांद्यावरून पुढे घेतले. सकाळी न्हाल्या होत्या. मानेवर एक ओली बट चिकटून राहिली.

"शाल्मले, ये राणी. घे ती हातात. तुझी आई नको म्हणाली तर नको."

शाल्मलीनं आईकडे पाहिलं.

आसावरी बघत होती त्या पाठीकडे. पोलकं जांभळं होतं, हिरवं नव्हतं. बाकी सगळं तेच होतं, त्याच जागी. वाकलेली पाठ, पुढे घेतलेले केस, लाल ठिपक्यांची काडी, शेवंती. आणि इतकी वर्षं ज्याकडे तिनं पाहिलं पण जे तिला दिसलं नाही, ते आता दिसलं. मारणाऱ्याची पाठ कशी दिसेल? आईची पाठ तिच्याकडे होती. शिमटी मग कुणाच्या हातात होती?

तिच्या उजव्या तळव्याला काहीतरी आठवलं. दोऱ्याचा खरखरीतपणा, आणि त्यातून बोटांना लागणारी ओली हळद.

"जा," ती शाल्मलीला म्हणाली. "जा, बाळा."

शाल्मलीनं काडी दोन्ही हातांनी उचलली आणि अक्कांच्या पाठीवर अशी टेकवली, जशी मांजरीच्या अंगावर माणूस घाबरत हात ठेवतो. अक्का खुदकन हसल्या, त्यांचे खांदे हलले. मग भिंतीकडे बघतच, त्या हळू आवाजात म्हणू लागल्या. गाणं नव्हे, गाण्यासारखं:

शिमटी माझे बाई, तुला हळदीचं लेणं
वर्साचं मारणं, आज फुलावानी घेणं

पाठ माझी पाटी, बाळा ओढ गं रेघोटी
राग गेला वाहुनी, माया राहियली पोटी

"अज्जी, पुन्हा," शाल्मली म्हणाली. अक्कांनी पुन्हा म्हटलं. आसावरी उंबऱ्यावर बसली होती, केव्हा बसली ते तिलाही ठाऊक नव्हतं. वर्साचं मारणं, आज फुलावानी घेणं. अर्धं अक्षर पुरं झालं होतं. पुण्याच्या त्या घरात, जिथं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, जिथं देव्हाऱ्यातली काडी बघून नणंदेच्या कपाळाला आठी पडत होती, तिथं आई एकटीच ही पूजा मांडत होती. झेंडूच्या दिवसांत शेवंती कुठून शोधली असेल तिनं? कुणाकडून मागवली असेल? आणि मग आपल्या चिमुरडीच्या हातात शिमटी देऊन, पाठ करून बसली.

"अक्का," तिनं विचारलं, "म्हणजे ती मला मारत होती का?"

अक्कांनी केस मागे घेत वळून पाहिलं. "ते मी कसं सांगू? मारलंही असेल एखाद्या वेळी. एकटी पोर, परक्या गावात. पण जी मारून विसरते ती काही पाठ देऊन बसत नाही, बाळ."

बाहेर बसवंतनं रिक्षाचा भोंगा वाजवला, पूजा झाल्याचा. शाल्मली काडी खांद्यावर घेऊन शिपायासारखी खोलीभर फिरून आली आणि आसावरीसमोर थांबली.

"आता तुला."

"मला कशाला गं? मी तुला कधी मारते का?"

शाल्मलीनं विचार केला. "तू मला खाली येऊ दिलं नाहीस. खूप दिवस. मी रडले तरी."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. आसावरीनं मुलीकडे नीट पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण या अंगाला बोट लावलं नाही.

"खरं आहे," ती म्हणाली.

ती उठून पाटावर जाऊन बसली. देवाकडे तोंड, दाराकडे पाठ. वेणी उचलून पुढे घेतली. समोर समई होती, तिच्या ज्योतीमागे चुन्याची भिंत, भिंतीवर ओल आल्याचा एक ढगासारखा डाग. मागे शाल्मली पाय बदलत उभी होती. तिच्या पैंजणाचा आवाज येत होता, तिचा श्वास येत होता, आणि ती दिसत नव्हती.

आईचा चेहरा तिला कधीच आठवला नव्हता. तो या बाजूला होता. समईकडे, भिंतीकडे, असाच मागच्या पावलांना कान देऊन.

"डोळे मीट," शाल्मली म्हणाली.

आसावरीनं डोळे मिटले नाहीत. ज्योतीकडे बघत ती थांबली, आणि ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, शिमटी माझे बाई.

मग पाठीवर, पोलक्याच्या वर जिथं मान सुरू होते तिथं, ओल्या हळदीची एक थंड रेघ ओढली गेली.